कळते, पण वळत नाही

'कळते, पण वळत नाही' असे आपण किती सहज म्हणून जातो! आई मुलाविषयी म्हणते, शिक्षक विद्यार्थ्याविषयी म्हणतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःविषयी म्हणतो. कामावरच्या माणसांना कामाचे शिक्षण कसे द्यावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहता हा विषय कारखानदारांचा आणि अधिकाऱ्यांचा वाटेल. शाळामास्तराने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. त्याचे कारण प्रथम सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या सुरुवातीस, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना भूमितीत हुशार, अक्षर वळणदार, स्वभावाने शांत. आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा करून तो बडोद्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरीस लागला होता. त्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला पांढरे फडके गुंडाळलेले होते. दोन बोटे गेली होती. रुळांत अडकलेला पुठ्ठा काढण्यासाठी त्याने यंत्र चालू असतानाच हात घातला होता.

मी न राहवून विचारले, "अरे, तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं का?"

तो म्हणाला, "शिकवलं होतं ना, सर. दोन दिवसांचा वर्ग झाला होता. शेवटच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते. प्रमाणपत्रही आहे घरी."

पैकीच्या पैकी गुण आणि दोन बोटे कमी! पंचवीस वर्षे मी गुण देत आलो आहे. त्या संध्याकाळी गुण या शब्दाची मला प्रथमच भीती वाटली. त्याला सारे कळले होते. वळले मात्र नव्हते. मग त्या दोन दिवसांत शिकविणाऱ्याने नेमके काय केले, आणि काय करावयाचे राहून गेले?

असले वर्ग कसे भरतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सकाळी हजेरीपटावर सही होते. पडद्यावर एकामागून एक चित्रे सरकतात आणि त्यांवरील मजकूर वक्ता वाचून दाखवतो. अकरा वाजता चहा येतो. दुपारच्या जेवणानंतर मागच्या रांगेतल्या माना हळूहळू खाली येतात. अलीकडे तर वर्ग भरवण्याचाही त्रास उरला नाही. धडा मोबाइलवर येतो, आणि माणूस दुसऱ्या हाताने भाजी निवडीत 'पुढे' हे बटण दाबत दाबत शेवटास पोचतो. नोंदवहीत मात्र 'प्रशिक्षण पूर्ण' अशी नोंद होते.

हे मी इतरांची थट्टा म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांचाच एक पाच दिवसांचा वर्ग झाला. विषय होता, विद्यार्थ्यांना विचारप्रवृत्त करणारे प्रश्न कसे विचारावेत. पाच दिवस आम्हाला त्यावर व्याख्याने ऐकवण्यात आली. त्या पाच दिवसांत आम्हाला कोणी एकही प्रश्न विचारला नाही! सोमवारी मी वर्गावर गेलो, पाठ शिकवला आणि नेहमीप्रमाणे विचारले, "समजलं का?" सबंध वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "हो सर." पाच दिवसांचे शिक्षण त्या एका 'हो सर'मध्ये वाहून गेले.

श्रोतेहो, ज्या नगरीत मी राहतो, तिने हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच हाती घेतला होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवनाची स्थापना केली आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवली. गज्जर मूळचे सुरतेचे. त्या वेळी त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. गज्जर या शब्दाचा गुजरातीतला अर्थच सुतार असा आहे. हातातील कसब आणि ग्रंथातील शास्त्र यांची ताटातूट का व्हावी, हा विचार अशा कुळातील विद्वानाच्या मनात यावा, हे स्वाभाविकच होते.

कलाभवनाच्या योजनेत दोन गोष्टी ठळक होत्या. पहिली अशी की, शिक्षण देशी भाषेतून द्यावयाचे. रंगारी, सुतार, लोहार यांच्या मुलांनी आधी इंग्रजी शिकावे आणि मग धंद्याचे शास्त्र शिकावे, ही अट गज्जरांनी मानली नाही. दुसरी अशी की, शास्त्र आणि हातचे काम एकाच छपराखाली शिकवावयाचे. रंगाचे रसायनशास्त्र ज्याने ऐकले, त्याने रंगाच्या पिंपातही हात घालावा. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके याच कलाभवनात चित्रकला आणि छायालेखन शिकले. गज्जरांच्या तालमीत तयार झालेले कोटिभास्कर आणि अमीन यांनी गुरूच्या साहाय्याने १९०७ साली 'अलेंबिक' ही औषधनिर्मितीची संस्था उभारली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कलाभवन त्यात विलीन होऊन त्याचे अभियांत्रिकी आणि तंत्रशास्त्राचे महाविद्यालय झाले.

याच नगरीतील दुसरे उदाहरण ग्रंथालयांचे आहे. राज्यात गावोगाव वाचनालये निघावीत, ही महाराजांची इच्छा. त्यासाठी १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले. नुसती पुस्तके विकत घेऊन वाचनालय उभे राहत नाही, ते चालविणारी माणसे लागतात, हे ओळखून बोर्डन यांनी १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू केला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला वर्ग मानला जातो. १९१३ साली बोर्डन मायदेशी परतले. पण पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरतच राहिल्या, कारण त्या फिरविणारे हात येथेच तयार झाले होते. शिकविणारा निघून गेल्यावर काम चालू राहते की नाही, ही कोणत्याही शिक्षणाची मोठी कसोटी होय.

आता थोडे आम्हा शिक्षकांच्या घरातले सांगतो. अध्यापनाची पदविका घेताना आम्हाला हर्बार्टची पंचपदी पाठ करावी लागे. हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. त्याच्या शिष्यांनी त्याच्या विचारांतून पाठाच्या पाच पायऱ्या बसविल्या: प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, नियम आणि उपयोजन. पाठाच्या टाचणाची वही या पाच शब्दांनी भरलेली असे. परीक्षा झाली की वही माळ्यावर जाई.

पण ही पंचपदी एके दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर पडली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजे बांधावयाची होती आणि कामगार बहुतेक नवशिके होते. त्या वेळी चार्ल्स ॲलन या शिक्षणतज्ज्ञाने पंचपदीच्या धर्तीवर चार पायऱ्यांची एक रीत कारागिरांच्या हाती दिली. १९१९ साली त्याने त्यावर ग्रंथही लिहिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, त्याच रीतीवर 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची मोठी योजना अमेरिकेत उभी राहिली, आणि युद्धानंतर ती जपानमध्येही गेली. सोळा लाखांहून अधिक माणसांनी ते शिक्षण घेतले. दोन दोन तासांच्या पाच बैठका, एवढाच त्याचा पसारा. शिक्षण घेणारे होते मुकादम आणि पर्यवेक्षक. कारण नव्या कामगाराचा खरा गुरू तोच असतो.

पहिल्याच बैठकीत शिकविणारा एक गंमत करी. दिव्याच्या तारेला ताण बसून जोड निसटू नये म्हणून वीजकामगार एक गाठ मारतात. ती गाठ कशी मारावी, हे तो एकाला नुसते तोंडाने सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवी. त्यालाही जमत नसे. मग तिसऱ्याला जवळ बसवून, तुकड्यातुकड्याने दाखवीत, प्रत्येक तुकड्याचे कारण सांगत शिकवी आणि त्याच्याकडून चारदा करवून घेई. त्याला गाठ येई. सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे आणि दाखवणे म्हणजेही शिकवणे नव्हे, हे पटवण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरजच उरत नसे.

त्या रीतीच्या चार पायऱ्या अशा: शिकणाऱ्याचे मन तयार करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि त्याला कामावर सोडल्यानंतर पुन्हा पुन्हा जाऊन पाहणे. पहिल्या दोन पायऱ्या आपण हौसेने चढतो. तिसरीवर दम लागतो. चौथी तर आपल्याला दिसतच नाही.

चौथी पायरी इतकी महत्त्वाची का? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करावयाच्या आणि त्या किती वेळात विसरतात, ते मोजावयाचे. १८८५ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असतो, असे त्याला आढळले. म्हणजे शनिवारी दिवसभर कानांवर ओतलेल्या ज्ञानातले सोमवारी किती उरणार, याचा अंदाज आपणच करावा. दिवसभराच्या एका वर्गापेक्षा वीस मिनिटांचे पाच पाठ, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून दिलेले, अधिक टिकतात. आपले पंतोजी पाढे रोज संध्याकाळी का म्हणून घेत, याचे इंगित हेच असावे.

बडोद्याच्या माणसाला रेल्वेचे उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. १९५२ साली येथील प्रतापविलास राजवाड्यात रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे स्टाफ कॉलेज सुरू झाले. पुढे ते भारतीय रेल्वे राष्ट्रीय अकादमी या नावाने ओळखले जाऊ लागले. पण मला सांगावयाची गोष्ट राजवाड्यातली नसून इंजिनातली आहे. आपल्याकडे इंजिनचालक आणि त्याचा सहायक, सिग्नल दिसताच त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. लाल म्हणजे थांबा, हे काय त्यांना ठाऊक नसते? तीन वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असते. तरीसुद्धा प्रत्येक सिग्नलला डोळ्याने पाहावयाचे आणि तोंडाने उच्चारावयाचे, असा दंडक आहे. जपानमध्ये रेल्वेच्या कामगारांची अशीच, बोटाने दाखवून मोठ्याने बोलण्याची रीत आहे. तेथील रेल्वे संशोधन संस्थेच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, एका साध्या कामात एरवी शंभर कृतींमागे २.३८ चुका होत. बोट दाखवून बोलण्याने त्या ०.३८ वर आल्या. माहितीत काडीचीही भर पडली नव्हती. कळलेली गोष्ट अंगवळणी पडली होती, एवढेच. आपल्या भाषेने 'अंगवळणी' हा शब्द किती नेमका घडविला आहे! वळण बुद्धीला एकदा लागून भागत नाही. ते अंगाला लागावे लागते.

मग असे शिक्षण योजताना आरंभ कोठून करावा? माझे उत्तर असे की, शेवटापासून. आपल्याला काय सांगावयाचे आहे, ही यादी बाजूला ठेवावी. वर्ग संपल्यावर, कामाच्या जागी, कोणाचेही लक्ष नसताना, माणसाने नेमके काय केलेले आपल्याला पाहावयाचे आहे, ते एका वाक्यात लिहावे. 'सुरक्षिततेची जाणीव निर्माण करणे' हे असे वाक्य नव्हे. जाणीव डोळ्यांना दिसत नाही. 'हात घालण्यापूर्वी यंत्र बंद करणे' हे दिसते.

त्यानंतर कामाच्या जागी जाऊन तासभर उभे राहावे आणि माणूस तसे का करीत नाही, ते पाहावे. त्याला येत नसेल तर शिकवावे. पण पुष्कळदा त्याला येत असते आणि तरी तो करीत नाही. चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो कपाळावर चढवलेला असतो. सूचनेचा फलक इंग्रजीत असतो आणि वाचणारा ओडिया किंवा भोजपुरी बोलणारा असतो. गज्जरांनी १८९० साली सोडवलेले कोडे आपण पुन्हा घालून बसतो. कित्येकदा तर मुकादम स्वतःच नियम मोडीत असतो. नवा मुलगा वर्गातला वक्ता विसरतो आणि मुकादमाकडे पाहून शिकतो. अशा ठिकाणी दुसरा वर्ग भरवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे होय, आणि घडा पालथा ठेवणारा कामगार नव्हे.

राहिला प्रश्न मोजमापाचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ आणि १९६० साली लिहिलेल्या लेखमालेत प्रशिक्षणाचे फळ चार पायऱ्यांवर मोजावे, असे सुचविले. ते चार प्रश्न मी माझ्या सोयीसाठी मराठीत असे बसविले आहेत: रुचले का, कळले का, वळले का आणि फळले का? वर्ग आवडला की नाही, हे आपण छापील कागदावर विचारतो. कळले की नाही, यासाठी परीक्षा घेतो. इतके झाले की आपण वही मिटतो. वळले का, हे पाहण्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी कामाच्या जागी जावे लागते, म्हणून तेथे कोणी जात नाही. माझा विद्यार्थी पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण झाला होता. तिसरा प्रश्न त्याला यंत्राने विचारला.

त्याची गोष्ट मी अर्धीच सांगितली. हात बरा झाल्यावर कारखान्याने त्याला यंत्रावरून काढून नव्या मुलांना शिकविण्याचे काम दिले. तो पुन्हा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुम्ही पाठाचं टाचण काढायचात ना, तसं मला एक काढून द्या."

मी उत्साहाने बसलो आणि यंत्राच्या सुरक्षिततेवर बारा मुद्दे लिहून काढले. त्याने कागद वाचला. मग डाव्या हाताने पेन धरून, सावकाश, त्यातले अकरा मुद्दे खोडले. मला थोडा रागच आला. तो म्हणाला, "सर, हे सगळं मलाही शिकवलं होतं."

उरला एक मुद्दा: रुळांत हात घालण्यापूर्वी यंत्राचा खटका बंद करावयाचा आणि किल्ली काढून आपल्या खिशात ठेवावयाची. मी त्याला विचारले, तू त्या दिवशी यंत्र बंद का केले नाहीस? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बंद केलं की पुन्हा वेग धरायला दहा मिनिटं जातात. दिवसाचा आकडा कमी भरतो. आमचे मुकादमही तसाच हात घालायचे." म्हणजे पाठ मुलांपासून सुरू करून भागणार नव्हते. त्याने व्यवस्थापकांकडे जाऊन मागणी केली की, यंत्र थांबवल्यामुळे गेलेली मिनिटे आकड्यातून वजा करावीत, आणि मुकादमांनी पहिला पाठ स्वतः घ्यावा. दोन्ही गोष्टी मान्य होण्यास तीन महिने लागले. चिकाटी त्याची, मी फक्त अर्ज लिहून दिला.

गेल्या हिवाळ्यात त्याने मला पाठ पाहावयास बोलावले. मोठी खोली नाही, पडदा नाही. यंत्राजवळ सहा मुले उभी. त्याने मुद्दाम रुळांत पुठ्ठा अडकवला आणि यंत्र बंद करून, किल्ली खिशात टाकून, मग हात घातला, प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणाला, "खटका बंद, किल्ली खिशात." मग एकेका मुलाकडून ते करवून घेतले, प्रत्येकाच्या भाषेत. एका ओडिया मुलाने ते स्वतःच्या बोलीत म्हटले, तेव्हा बाकीचे हसले आणि तेही तसेच म्हणू लागले. आपल्या हाताविषयी त्याने एक शब्दही काढला नाही. मुले त्या हाताकडे पाहत होती.

वीस मिनिटांत पाठ संपला. मला वाटले, आता आपण निघू. तो म्हणाला, "थांबा सर, खरा पाठ आता आहे." आम्ही खांबाच्या आड चहा घेत उभे राहिलो. तासाभराने, कोणी पाहत नाही अशा समजुतीने, त्यातला एक मुलगा अडकलेल्या पुठ्ठ्याकडे वळला. त्याचा हात पुढे गेला, क्षणभर थांबला आणि खटक्याकडे गेला. ओठ हलले. यंत्राच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. त्याने किल्ली खिशात घातली.

माझ्या विद्यार्थ्याने खिशातून लहानशी वही काढली आणि डाव्या हाताने त्या मुलाच्या नावापुढे तारीख घातली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा पाहणार होता. एके काळी वळणदार असलेले ते अक्षर आता वेडेवाकडे झाले आहे. पण इतका अर्थपूर्ण हजेरीपट मी माझ्या सबंध नोकरीत पाहिलेला नाही.